चार बायकांनी एकत्र बसून सिनेमा कसा बघावा

सिनेमातली बाई नीट बघायची असेल तर आधी तिच्या हातांकडे बघा. ती काम काय करते, त्या कामाचे पैसे कोणाकडे जातात आणि तिच्या आयुष्याचा मोठा निर्णय होताना तिला कोणी विचारलं का, एवढ्या तीन गोष्टी मनात धरून बसलात तरी ओळखीचा सिनेमा वेगळा दिसायला लागतो. आमच्या गावात आम्ही बायका अशा बसतो. दुसऱ्या कुठल्या वाडीत कोणाला सुरू करावंसं वाटलं तर उपयोग होईल, म्हणून आमची रीत इथे लिहिते आहे.

मी मालवण तालुक्यात, खाडीच्या काठावरच्या एका गावात, ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यांत लहान वर्गातलं, वाचनालय सांभाळते. नवरा मुंबईला नोकरीत, सासूबाई आणि मी गावी. आमच्याकडे घरोघर हेच. कलमांची राखण, भाताची लावणी, काजूच्या फॅक्टरीतलं काम, मासळीची टोपली, गुरं, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा, सगळं बायकांच्या अंगावर. आणि घराची ओळख मात्र मुंबईला असलेल्या माणसाच्या नावानं. अशी बाई रात्री भांडी आवरून टीव्हीसमोर बसते तेव्हा तिला स्वतःसारखं कोणी दिसत नाही. कोकणातली म्हणून जी बाई पडद्यावर येते ती एक तर पांढऱ्या साडीत माडांतून फिरणारं भूत, नाही तर मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आई, नाही तर हात नाचवत मालवणीत भांडणारी, लोकांना हसवण्यापुरती आणलेली. मला याचा राग येतो. पण नुसता राग बोलून दाखवला की बायका मान हलवतात आणि संध्याकाळी पुन्हा तेच बघतात. एकत्र बसून, थांबून, बोलून बघितलं की मग त्या स्वतःच दाखवायला लागतात.

बसायचं कधी, कुठे

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस सगळ्यांत बरे. भाताची कापणी-मळणी उरकलेली असते आणि काजू-आंब्याची धांदल अजून सुरू व्हायची असते. पावसाळ्यात नाव घेऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे मासळी विकणाऱ्या मोकळ्या असतात, पण तेव्हाच शेतीवाल्या गुडघाभर चिखलात लावणीला असतात. शिवाय लाइटचा भरवसा नसतो. दशावताराचं नाटक रात्रभर चालतं, त्याचा दुसरा दिवस टाळा, अर्धा गाव झोपलेला असतो.

वेळ दुपारची, जेवणं आटोपल्यावर दोन ते साडेचार. अडीच तासांचा सिनेमा एका बैठकीत संपवायचा नाही. मध्यंतरापर्यंत बघा, बोला, उरलेला पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत बायका आपसात बोलतात, विहिरीवर, एसटीत, आणि पुढच्या वेळी येतात त्या काहीतरी घेऊन येतात.

जागा म्हणून कोणाचं तरी घर बघा, जिथे त्या वेळी पुरुष माणूस नसेल. पुरुष वाईट म्हणून नव्हे. ओटीवर सासरा किंवा दीर बसला असेल तर बायका पदर सावरतात आणि अर्धं बोलणं गिळतात. सासू आणि सून दोघी गटात असल्या तर त्यांच्याच घरी बसू नका, तिसऱ्या घरी बसा. आपल्या घरात सून सासूसमोर "हिला कोणी विचारलं नाही" असं म्हणणार नाही; शेजारच्या पडवीत म्हणेल.

आठ-दहा जणी पुरेत. घरच्या टीव्हीवर मोजक्या जणींनी बसून बघणं वेगळं, आणि देवळासमोर मांडव घालून सगळ्या गावाला दाखवणं वेगळं. तसा जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आधी घ्या.

पहिला सिनेमा सगळ्यांनी पाहिलेलाच घ्या

पुष्कळ जणी सुरुवातच एखाद्या गाजलेल्या, पुरस्कार मिळालेल्या सिनेमापासून करतात. माझं मत उलट आहे. पहिला सिनेमा असा घ्या ज्याला सगळ्या रडलेल्या आहेत. आमच्याकडे तो होता १९९१ सालचा ‘माहेरची साडी’. अलका कुबलचा. आमच्या सासूबाई आणि त्यांच्या जावा हा बघायला टेम्पो करून तालुक्याला गेल्या होत्या आणि घरी येऊन रात्री कोणी जेवलं नव्हतं, असं त्या अजून सांगतात.

असा सिनेमा लावल्यावर त्याची चेष्टा करायची नाही आणि कोणाला करू द्यायची नाही. कॉलेजातल्या मुलींना तो मोह होतो. त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगा की इथे ज्या बायका डोळे पुसतायत त्यांतल्या काही जणी स्वतःसाठी रडतायत. पहिल्या वेळी नुसतं बघू द्या. रडणं झालं, चहा झाला, की मग एकच प्रश्न टाका: ही सोसते म्हणून चांगली, की चांगली आहे हे कळावं म्हणून तिला सोसायला लावलंय? आणि गप्प बसा. बोलण्याची घाई करू नका. आमच्या गटात यावर पहिलं बोलली ती मासळी विकणारी मावशी, जी एरवी कोपऱ्यात बसून सुपारी कातरत असते. ती म्हणाली, "तिका कोणी इचारल्यान?" लग्नाचं, सासरी राहायचं, परत यायचं, यातलं काहीच त्या मुलीला कोणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून हे वाक्य आमच्या गटाचं झालं. कुठलाही सिनेमा चालू असला तरी कोणीतरी ते म्हणतंच.

आवाज बंद करून नायिकेची पहिली एन्ट्री बघा

याच्यावर जरा जास्त वेळ घालवा, कारण नजर इथेच उघडते.

रिमोट हातात घ्या आणि नायक पहिल्यांदा पडद्यावर येतो तो प्रसंग आवाज बंद करून लावा. मग नायिका पहिल्यांदा येते तो. दोन्ही दोनदा दाखवा. नायक येतो तेव्हा तो बहुतेक काहीतरी करत असतो: गाडीतून उतरतो, कोणाला तरी वाचवतो, मारामारी करतो, बाकीची माणसं त्याच्याकडे वळून बघतात. नायिका येते ती तुकड्यांनी. आधी ओले केस, मग पाठ, कंबर, पायातलं पैंजण, आणि शेवटी तोंड. ती काही करत असली तर केस झटकते, नाही तर पळता पळता मागे वळून हसते. कॅमेरा कोणाच्या तरी डोळ्यांनी तिला बघत असतो आणि ते डोळे पुरुषाचे असतात. लॉरा मल्व्ही या अभ्यासक बाईंनी १९७५ साली हेच मांडलं: पडद्यावर बघणारा पुरुष आणि बघितली जाणारी बाई, आणि थेटरात बसलेल्या प्रेक्षकालाही त्या पुरुषाच्याच जागी बसवलं जातं. गटात त्यांचं नाव घेतलं नाहीत तरी चालेल. आवाज बंद केला की संगीताची भूल उतरते आणि बायकांना ते आपसूक दिसतं.

आमच्याकडे एका हिंदी सिनेमातलं गाणं असं मुकं करून लावलं होतं. नायिका बर्फात साडी नेसून नाचत होती, नायक कोट घालून. आधी कोणी काही बोललं नाही. साडी बदलली, डोंगर बदलला, पुन्हा साडी बदलली. अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, हिला थंडी नाही वाजत? मग माझी जाऊ, जी काजूच्या फॅक्टरीत दिवसभर बी फोडते आणि टरफलातल्या तेलानं काळी पडलेली बोटं घेऊन घरी येते, ती सोफ्यावरून पुढे वाकून म्हणाली, "ह्या चेडवाक कामधंदो नाय काय गो?" म्हणजे या पोरीला काही कामधंदा नाही का गं? सगळ्या हसल्या, पण मग कोणीतरी म्हणालं की खरंच, सिनेमाभर ही करते काय? मागे जाऊन बघितलं. ती कॉलेजात होती असं एका वाक्यात सांगितलं होतं. पुस्तक उघडलेलं कुठे दिसलं नाही. घरात होती, पण चूल पेटवताना, पाणी भरताना दिसली नाही. तिचे हात कशाला लागत होते ते आम्ही मोजलं: ओढणी, फुलं, आरसा, नायकाची छाती. बस्स.

उलट उदाहरण लगेच दाखवा, म्हणजे बायकांना वाटणार नाही की सिनेमा म्हणजे सगळं वाईटच. ‘सैराट’ (२०१६) मधली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. कॅमेरा तिच्याकडे बघतो तेव्हा ती काहीतरी करत असते आणि बघता बघता तीच पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळते. आमच्या गटातल्या पोरींना हे फार आवडलं. माझ्या भाचीनं त्यानंतर स्कूटर शिकायचं धरलं आणि शिकली.

वहीत तीन रकाने

शंभर पानी वही घ्या. दर सिनेमाला दोन पानं, आणि त्यात तीन रकाने: काम, पैसा, विचारलं का. लिहिण्याचं काम आळीपाळीनं द्या. जिला लिहायला येत नाही तिनं सांगायचं आणि शेजारणीनं लिहायचं. सिनेमातल्या सगळ्या बायका त्यात यायला हव्यात, मोलकरीण, नर्स, नायकाची बहीण, सगळ्या. नायिकेपेक्षा या कडेच्या बायकांमध्येच जास्त सापडतं. मोलकरणीला नाव आहे का, हे बघा.

पैशाचा रकाना भरताना आमच्याकडे सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते ‘दोघी’ (१९९५) बघितल्यावर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा. सुमित्राबाई मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. बायकांच्या जगण्याचा अभ्यास करता करता त्या सिनेमाकडे आल्या, आणि ते त्या सिनेमात कळतं. थोरल्या बहिणीचं लग्न लागता लागता मोडतं, नशीब खोटं म्हणून तिच्यावर शिक्का बसतो, तिला मुंबईला पाठवलं जातं, आणि तिथे ती ज्या धंद्यात पडते त्या पैशावर गावातलं घर चालतं. घर तिचा पैसा घेतं, तिला घेत नाही. आमच्या गावात मनीऑर्डरीवर पिढ्या वाढल्या आहेत. मुंबईचा पैसा म्हणजे अभिमान, हेच सगळ्यांनी ऐकलेलं. हा सिनेमा संपल्यावर बराच वेळ कोणी उठलं नाही. मग एक काकी म्हणाली की तिच्या आत्याचं नाव घरात कधी घेतलं जात नसे, आणि आत्या मुंबईला काय करायची हे तिनं कधी विचारलंच नाही. तिनं आणखी काही सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही. असं काही निघालं तर वहीत लिहू नका आणि खोलीबाहेर नेऊ नका. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

कामाच्या रकान्यासाठी ‘किल्ला’ जरूर घ्या. अविनाश अरुण यांचा, २०१५ साली आपल्याकडे लागलेला, कोकणातच चित्रित केलेला. गोष्ट मुलाची आहे, पण अमृता सुभाष यांनी केलेली त्याची आई बघा. नवरा गेलेला, सरकारी नोकरीत बदली होऊन या नव्या गावी आलेली. ती कचेरीत जाते, फाइली बघते, कचेरीत तिच्यावर दबाव येतो, घरी येऊन मुलाचं करते. तिचं आईपण सांगायला तिला कोणी देवीच्या जागी बसवत नाही. पाऊस, समुद्र, चिखल, सगळं आमचंच, आणि त्यात एक कामावर जाणारी बाई. तलाठी कचेरीत काम करणारी आमची एक मैत्रीण म्हणाली की पडद्यावर टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई तिनं पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली.

कोकणातली आई म्हटल्यावर ‘श्यामची आई’ निघणारच. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमा, वनमाला आईच्या भूमिकेत; राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलं, म्हणजे आपल्याच कोकणातलं. तो जरूर बघा आणि आदरानं बघा. पण वही उघडी ठेवा. त्या आईचं मोठेपण आपल्याला तिच्या मुलाच्या आठवणीतून दिसतं. ती एकटी असताना, मुलगा आसपास नसताना, तिला काय वाटत असेल? हा प्रश्न आम्ही बायकांना पाच-पाच ओळी लिहायला दिला होता. शाळेनंतर पहिल्यांदा पेन हातात धरलेल्या बायकांनी काय सुंदर लिहिलंय!

बायका एकमेकींशी काय बोलतात

अमेरिकेतल्या चित्रकार ॲलिसन बेकडेल यांच्या एका चित्रपट्टीत १९८५ साली एक कसोटी आली होती, ती आता जगभर वापरतात. सिनेमात निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलाव्यात. पुढे लोकांनी त्यात दोघींना नावं असावीत अशीही अट घातली. ऐकायला अगदी सोपी वाटते. लावून बघा, कितीतरी गाजलेले सिनेमे पहिल्या अर्ध्या तासात गळतात.

पण आपल्या सिनेमाला ही कसोटी पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे कौटुंबिक सिनेमात बायका भरपूर असतात आणि दागिन्यांवर, स्वयंपाकावर, एकमेकींच्या वाईटावर भरपूर बोलतात. कसोटी पार होते आणि बाई तिथेच राहते. म्हणून आम्ही एक पोटप्रश्न जोडला आहे: या बायका मिळून काही ठरवतात का? ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) मध्ये सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, भांडतात, जुनं उकरून काढतात, आणि मिळून काहीतरी करतात. तो सिनेमा गावोगावच्या बायकांनी घोळक्यानं जाऊन बघितला, तो काही उगाच नाही. त्यातलं सगळं मला पटतं असं नाही, पण चाळिशी-पन्नाशीच्या बायका मध्यभागी आहेत आणि कोणाची आई किंवा सासू म्हणून ओळख करून द्यावी लागत नाही, हे मला मोठं वाटतं.

मार आला की थांबा

सिनेमात बाईला मारण्याचा प्रसंग आला की तिथे थांबवा. खलनायक मारतो तेव्हा बोलणं सोपं असतं. नायक मारतो तेव्हा खरी गरज असते. ‘सैराट’मध्येच, पळून गेल्यावर, संशयानं पेटलेला परश्या आर्चीवर हात उगारतो. त्या सिनेमानं ते लपवलेलं नाही आणि त्याला प्रेमाची खूणही केलेलं नाही. ती निघून जाते. दुसऱ्या कितीतरी सिनेमांत थोबाडीत बसल्यावर बाई शहाणी होते आणि पुढच्याच गाण्यात त्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. तेव्हा विचारा: मारल्यावर कॅमेरा कोणाच्या तोंडावर थांबला? संगीत कोणाच्या बाजूनं वाजलं? माफी कोणी मागितली?

इथे गट चालवणारीनं डोळे उघडे ठेवायचे. खोलीत कोणीतरी अशी असतेच जी गप्प झाली, उठून पाणी प्यायला गेली. तिला सगळ्यांसमोर काही विचारू नका. नंतर वाटेत बरोबर चालत जा. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आणि तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कोणालाही सहज दिसेल असा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आपल्या भागाचं काम कोणाकडे आहे आणि ते कुठे बसतात हे गट सुरू करण्याआधी विचारून ठेवा. बोलायला लावायचं आणि पुढची वाट दाखवायची नाही, हे बरोबर नव्हे.

तिचं शेवटी काय होतं

आपल्या मनानं निवडणाऱ्या बाईचा शेवट आपला सिनेमा कसा करतो, हे एकदा ओळीनं दोन-तीन सिनेमे घेऊन बघा. ‘जैत रे जैत’ (१९७७) मधली चिंधी, कर्नाळ्याच्या परिसरातली ठाकर बाई, नवऱ्याला सोडून आलेली, नाग्याला स्वतः निवडणारी, मधमाश्यांशी होणाऱ्या शेवटच्या लढाईत मरते. आर्ची मारली जाते. ‘उंबरठा’ (१९८२) मधली सुलभा मात्र जिवंत राहते. चिंधी आणि सुलभा दोन्ही स्मिता पाटील यांनीच उभ्या केल्या. सुलभा शिकलेली, घर-मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून गेलेली. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असते, आणि ती पुन्हा घराबाहेर पडते.

मरण म्हणजे शिक्षाच, असं सरसकट धरू नका. आर्चीचं मरण बघणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. दुसरीकडे असे सिनेमे आहेत जिथे बाईनं जरा पाऊल वाकडं टाकलं की अपघात, आजार, आग, काहीतरी येऊन तिला घेऊन जातं आणि बाकीचं कुटुंब फोटोला हार घालून सुखी होतं. हे दोन वेगळे आहेत, आणि तो फरक बायकांना स्वतः काढू द्या.

‘उंबरठा’वर आमच्याकडे मोठं भांडण झालं. निम्म्या म्हणाल्या, लेकीला टाकून गेली ती आई कसली. मी त्यांना अडवलं नाही. मग मासळीवाल्या मावशीनं त्यांतल्या एकीला विचारलं की तुझा घोव पोरं तीन महिन्यांची असताना मुंबईला गेला, त्याला कोणी बाप कसला म्हटलं काय? भांडण मिटलं नाही, पण नंतर बोलणं त्या एकट्या बाईवर राहिलं नाही.

जुनं दाखवायचं असेल तर ‘कुंकू’ (१९३७) घ्या. प्रभातचा, व्ही. शांतारामांचा. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायला नकार देते, आणि तिच्यावर वाकडी नजर टाकणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं बडवते. शांता आपटे यांचं काम बघून पोरी चकित होतात. आपल्या आज्यांच्या काळात बाई पडद्यावर असं बोलत होती, मग नंतर तिला इतकं मऊ कोणी केलं, हा प्रश्न त्यांनी मला विचारला. त्यावर आम्ही अजून बोलतोय.

बाईची चाल

सिंधुदुर्गात असाल तर तुमच्या हाताशी एक गोष्ट आहे जी शहरातल्यांकडे नाही: दशावतार. दशावतारात परंपरेनं बायकांची कामं पुरुष करतात. सिनेमाची सुरुवातही तशीच झाली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही, ते काम अण्णा साळुंके यांनी केलं. आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच झाले. १९१३ मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, हे पोरींना मुद्दाम सांगा. अभिनय करणाऱ्या बाईला तेव्हा लोक काय म्हणत असतील ते त्यांना सांगावं लागत नाही.

गावात स्त्रीपार्ट करणारा कोणी कलाकार असेल तर त्याला एकदा मानानं बोलवा आणि विचारा की बाई उभी करताना तो काय काय करतो. आमच्याकडे एक वयस्क काका आले होते. त्यांनी धोतरावरच, साडी न नेसता, पडवीत चालून दाखवलं: मान कशी झुकवायची, पाऊल किती लांब टाकायचं, बोलताना डोळे कुठे ठेवायचे, रडताना पदराचं टोक कुठे न्यायचं. हे सगळं ते गुरूकडून शिकले होते, वर्षानुवर्षं. अंगणवाडीच्या बाई बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, मी अशी चालतच नाही. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन कोणी अशी चालेल तर टोपली पडेल. काका म्हणाले, बरोबर आहे, मी राणी चालून दाखवली. मासळीवाली मला कोणी शिकवली नाही. यानंतर सिनेमा लावलात की नायिकेची चाल, लाजणं, मान खाली घालणं, हे कोणीतरी शिकवलेलं आहे, हे वेगळं समजावावं लागत नाही.

पुरुष येतो म्हणाले तर

येऊ द्या, पण आधी बायकांच्या चार-पाच बैठका होऊ द्यात. गणपतीला चाकरमानी घरी असतात, तेव्हा आग्रह होतो. पण त्या दिवसांत बायकांना उसंत नसते, म्हणून मे महिन्यातली एखादी संध्याकाळ बरी. पुरुषांसाठी ‘किल्ला’ निवडा. मुलाच्या नजरेतून असल्यामुळे ते लगेच आत शिरतात. नियम एकच: पहिली दहा मिनिटं बायका बोलतील, पुरुष ऐकतील. "आमचं काय चुकलं" असा सूर लागला तर वाद घालू नका, वही त्यांच्या हातात द्या आणि पुढच्या सिनेमाचे तीन रकाने त्यांना भरायला सांगा. माझ्या नवऱ्यानं भरले आहेत. पैशाच्या रकान्यात त्यांनी आधी "घरखर्च: नवरा" असं लिहिलं, मग थांबून सिनेमा मागे नेला, परत बघितलं, खोडलं आणि बाईनं विकलेल्या अंड्यांचा प्रसंग लिहिला.

पुढचा सिनेमा कोणता हे गट चालवणारीनं ठरवू नये. रिमोट ज्या घरात बसलात त्या घरच्या बाईच्या हातात द्या आणि पुढची निवड तिची. कोणी चालू मालिकेचा एखादा भाग बघू म्हणाली तर तोही घ्या, तीन रकाने त्यालाही लागू आहेत. कोणी ज्याचं नावही ऐकलं नाही असा सिनेमा सुचवला तर ती तो आधी एकटी बघून येईल एवढं पाळा. वही मात्र वाचनालयात ठेवा, कपाटाच्या खालच्या खणात, लहान मुलींचाही हात पोचेल अशी.